गंजलेली सायकल सोडवताना

आपल्या हॉबी शेडमध्ये चार जुन्या सायकली भिंतीला टेकून उभ्या आहेत. त्यांतल्या दोघींचे पॅडल फिरत नाही, एकीचे हँडल वाकडे होऊन तसेच बसले आहे आणि चौथीला अजून कोणी हात लावलेला नाही. गेल्या सत्रात आम्ही काही जणांनी त्या सोडवायचा प्रयत्न केला. प्रयत्न म्हणजे काय, तर एकाने पाना धरायचा आणि दोघांनी त्यावर उभे राहायचे. शेवटी एका नटाचे सहाही कोपरे झिजून तो गोटीसारखा गोल झाला आणि आम्ही गुपचूप मेसकडे निघून गेलो.

हेच काम नीट कसे करतात ते मला उन्हाळ्याच्या सुटीत शिकायला मिळाले. शिकलो वाराणसीत, मणिकर्णिका घाटाजवळ, माझ्या आजोबांकडून. शेडमधल्या सायकलींना पुन्हा हात लावण्याआधी सर्वांनी वाचावे म्हणून हा लेख. मी कुठे चुकलो तेही लिहिले आहे.

आमचे घराणे मूळचे कोकणातले, पण काही पिढ्यांपासून काशीत. घाटाच्या वरच्या गल्लीत घर आहे. आजोबा डीएलडब्ल्यूमध्ये फिटर होते. डीएलडब्ल्यू म्हणजे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स. हा रेल्वे इंजिनांचा कारखाना १९६१ साली वाराणसीत स्थापन झाला आणि तिथून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. आता त्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे, पण आजोबा अजून जुनेच नाव घेतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनी ॲटलस सायकल घेतली आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्याच सायकलवरून कारखान्यात गेले. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये वाराणसीत गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, यावरून तो पूर केवढा होता ते कळेल. त्या पुरात आजोबांनी सायकल खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली होती.

निवृत्तीनंतर मात्र ती घाटाकडच्या एका लाकडाच्या वखारीत गेली. तिथे वखारीला टाल म्हणतात. टालवाले आजोबांचे जुने मित्र. त्यांच्याकडचा माणूस काही वर्षे ती चालवत होता. मग ती ओंडक्यांच्या मागे पडली आणि पुढच्या दोन-तीन पुरांचे पाणी तिच्यावरून गेले. तेव्हा तिला खांद्यावर घ्यायला कोणी नव्हते.

मी मे महिन्यात महानगरी एक्सप्रेसने तिथे पोहोचलो तेव्हा घरात आजी नव्हती. ती नोव्हेंबरमध्ये गेली. माझी परीक्षा चालू होती म्हणून मला चार दिवसांनी कळवले. त्यानंतर महिन्याभरात आजोबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. आता ते काठी घेऊन हळू चालतात, पण उजवा हात काम करत नाही. बोलणेही फार कमी झाले आहे. काका म्हणाले, "दुपारी टालवर जाऊन बसतात, तेवढंच. तू सोबत जात जा." मी सोबत गेलो, तिथे ओंडक्यांमागे सायकलचे मागचे चाक दिसले आणि मी विचारले, "आजोबा, ही तुमचीच ना? चालू करू या का?" ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी काय काय फिरत नाही ते बघ."

काय फिरत नाही

पहिला धडा हाच. पाना उचलण्याआधी यादी करायची. आमच्या यादीत होते: दोन्ही पॅडल, दोन्ही कॉटर पिना, खालच्या ॲक्सलची वाटी आणि तिची लॉक रिंग, फ्रीव्हील, हँडलचा खांब, सीटचा खांब आणि चेन. ब्रेकच्या सळ्यासुद्धा. सोपे म्हणावे असे काहीच नव्हते.

गंज नुसता चिकटत नाही, तो फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळात जागा असते केसाएवढी. तिथे गंज फुगला की तो आतून पाचर मारल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबतो. त्यात आमच्या सायकलमध्ये गंगेचा गाळ गेलेला. हा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि त्यात अभ्रकाचे चमकणारे कण असतात. जुन्या ग्रीसमध्ये तो मिसळून वाळला की वीट तयार होते. म्हणून दोन दिवस आम्ही काहीच सोडवले नाही. तारेच्या ब्रशने प्रत्येक सांध्याभोवतीचा गंज आणि माती काढली. सांधा उघडा दिसल्याशिवाय तेल आत जाणार कुठून?

तेलाचे सांगतो. आजोबांचे मिश्रण साधे होते, निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल. डिझेल पातळ, ते वाट काढते. ऑइल मागून जाऊन आत टिकते. अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो, हे केशाकर्षण आपण विज्ञानात शिकलो आहोत, आणि फट जितकी अरुंद तितका तो लांब जातो. पण वेळ लागतो. पुष्कळ जण ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळतात. ते अधिक चांगले भिनते, पण ॲसिटोन भडकन पेटते. ज्या जागी रात्रंदिवस चिता जळतात आणि वाऱ्याने ठिणग्या उडतात तिथे त्याचा विचारसुद्धा नको, असे आजोबांनी सांगितले. शेडमध्येही नको.

मी घरून येताना डब्ल्यूडी-४० चा डबा नेला होता. त्याची गोष्ट आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये १९५३ साली ते तयार झाले. नावाचा अर्थ, पाणी हटवणारे मिश्रण, चाळिसावा प्रयत्न. ते वापरले गेले क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून, आणि त्या क्षेपणास्त्राचे नाव होते ॲटलस! मी आजोबांना हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे गंज लागू नये म्हणून आहे ना? आपल्याला तर लागलाय." डबा बाजूला राहिला. वरवरच्या गंजाला आणि ओलाव्याला ते उत्तम आहे, पण वर्षानुवर्षे जाम झालेल्या भागाला अधिक भिनणारे तेल लागते.

कोणत्या दिशेला

तिसऱ्या दिवशी पॅडल घेतले. उजवे पॅडल थोड्या जोराने सुटले. मग डावे. मी पाना लावला आणि नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने जोर केला. अर्धा तास केला. तळहाताला फोड आला. आजोबा बघत होते. शेवटी म्हणाले, "अर्धा तास घट्ट करतोयस तू ते."

डाव्या पॅडलच्या आट्या उलट्या असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. दोन्ही पॅडलसाठी एकच खूण लक्षात ठेवा: पाना पॅडलवर उभा धरा, दांडी वर, आणि दांडी मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना सुटते.

उलट्या आट्या का, हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. डाव्या हाताची मूठ सैल धरून तिच्यात पेन्सिल घाला. पेन्सिलीचे वरचे टोक उजव्या हाताच्या एका बोटाने मुठीच्या कडेला दाबत गोल फिरवत न्या. बोट ज्या दिशेने गोल जाते त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती हळूहळू वळताना दिसेल. पॅडलवर पाय दाबताना क्रँकच्या भोकात हेच घडते. बेअरिंगचे घर्षण पॅडलला एका दिशेने ओढते असे वाटते, पण हे सूक्ष्म लोळणे त्याहून बलवान असते आणि त्याच्या उलट दिशेचे असते. डाव्या बाजूला साध्या आट्या असत्या तर पॅडल चालता चालता सुटून पडले असते.

हीच गोष्ट खालच्या ॲक्सलच्या वाट्यांची. आपल्याकडच्या या जुन्या घडणीच्या सायकलींत चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, डावीकडची सरळ. शेडमध्ये आम्ही जो नट गोल केला, त्याची दिशा आम्ही पाहिलीच नव्हती.

कॉटर पीन

आता मुख्य भाग. जुन्या सायकलीत क्रँक ॲक्सलवर कॉटर पिनेने बसवलेली असते. ही पीन गोल असते, पण तिची एक बाजू उतरती सपाट कापलेली असते. क्रँकच्या भोकातून ती ठोकली की ॲक्सलवरच्या खाचेत पाचरीसारखी रुतते. दुसऱ्या टोकाला आट्या आणि छोटा नट. हा नट पिनेला ओढून धरतो एवढेच. सगळी पकड पाचरीची. म्हणून नट काढला तरी पीन निघत नाही, तिला आट्यांच्या टोकावर ठोकून उलट बाहेर काढावी लागते. आणि हे टोक तिचा सर्वांत नाजूक भाग.

आजोबांनी सांगितले होते की कॉटरला आज फक्त तेल. दुपारी ते खुर्चीतच झोपले. माझ्या सुटीचे अठरा दिवस होते, त्यांतले पाच संपले होते. मी डावीकडचा नट काढला, बारका हातोडा घेतला आणि आवाज होऊ नये म्हणून हळूहळू ठोकू लागलो. वीस-पंचवीस फटके. पीन हलली नाही. तिचे टोक मात्र आळंबीसारखे पसरले आणि एका बाजूला वाकले. आता त्यावर नटही बसेना.

मी त्यावर तेलाची चिंधी गुंडाळली. आजोबा उठल्यावर म्हणालो, "अजून तसंच आहे."

इथे विज्ञान थोडक्यात सांगतो, कारण ते मला त्या वेळी सुचले असते तर बरे झाले असते. जाम भागाला धरून ठेवणाऱ्या स्थितिक घर्षणाची एक मर्यादा असते. फटक्याचा जोर त्या मर्यादेच्या खाली राहिला तर भाग जागचा हलत नाही; असे शंभर फटके मारले तरी त्यांची बेरीज होत नाही. मग ती ऊर्जा जाते कुठे? पिनेचे टोक चेपण्यात. मर्यादा ओलांडणारा एक फटका हवा, आणि तो सरळ हवा. दुसरे म्हणजे, खालून आधार नसेल तर फटका क्रँकमधून ॲक्सलवर आणि तिथून छऱ्यांवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. मी आधार दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी चिंधी काढली. डाव्या हाताचे बोट पिनेच्या टोकावरून फिरवले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "घाई कसली होती?"

मी आधी सुटीचे दिवस मोजून दाखवले. मग तोंडातून निघून गेले, "दर वेळी मी पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आजीच्या वेळीपण."

तेवढ्यात गल्लीतून एक अंत्ययात्रा आली. मणिकर्णिकेला अंत्ययात्रांना खंड नसतो. पहिल्या दिवसापासून आमचा नियम होता की यात्रा दिसली की हातोडा खाली ठेवायचा आणि उभे राहायचे. दिवसातून किती वेळा हे व्हायचे ते मोजले नाही, पण ठोकायला हात उचलावा आणि "राम नाम सत्य है" ऐकू यावे, असे सारखे चालू होते. पहिले दोन दिवस मी मनातून चिडायचो. आजोबा मात्र त्या वेळात तेलाची बुधली पुढे करायचे. यात्रा जाईपर्यंत प्रत्येक सांध्यावर दोन-दोन थेंब.

ती यात्रा उतरून घाटाकडे गेली. आजोबा तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "मीपण इथपर्यंतच चाललो होतो. पुढच्या पायऱ्या उतरवल्या नाहीत मला. पोरांनी नेलं तिला." मग थोड्या वेळाने, "डावीला ड्रिल लागेल आता. आधी उजवी काढू. नीट."

उजवीकडची पीन कशी काढली ते क्रमाने लिहितो, कारण शेडमध्ये हेच करायचे आहे. आदल्या दिवसापासून तेल दिलेले होते. नट पूर्ण काढला नाही. सैल करून पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच वर आणला, म्हणजे आट्या चेपत नाहीत. सायकल आडवी केली. पिनेचे डोके मावेल एवढ्या तोंडाचा लोखंडी नळीचा तुकडा क्रँकखाली, डोक्याभोवती उभा ठेवला. नळी थेट दगडी फरशीवर. आता फटका क्रँकमधून नळीत आणि नळीतून दगडात जाणार, छऱ्यांना झळ नाही. मी चष्मा लावला. जुन्या पोलादाचा कपचा उडू शकतो, डोळे उघडे ठेवून हे काम कोणी करू नये.

हातोडा मारायचा कोणी? माझा फटका सरळ बसेल याची मलाच खात्री उरली नव्हती. टालवर ओंडके फोडणारे एक काका होते. दिवसभर पाचर आणि घण हेच त्यांचे काम. आजोबांनी त्यांना पीन दाखवली, एक बाजू उतरती आहे हे सांगितले. त्यांनी लगेच ओळखले. "अरे, ई तो पच्चर है." एक किलोचा हातोडा हातात तोलून त्यांनी मला विचारले, "सीधा निकलेगा न?" आणि एकच मारला. नट क्रँकपर्यंत खाली गेला, पीन सरकली. मी अक्षरशः ओरडलो. आजोबांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा हसू आले असे काका नंतर घरी म्हणाले. ते खरे की मला बरे वाटावे म्हणून, माहीत नाही.

डावीला दीड दिवस लागला. वाकलेले टोक करवतीने सपाट कापले, मधोमध पंचने खूण केली, आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडले, मग ५, मग ६. भोक मधोमधच गेले पाहिजे, नाहीतर क्रँक किंवा ॲक्सल कापली जाते. आजोबा समोर बसून नुसते "डावीकडे झुकतंय" किंवा "थांब, गार होऊ दे" म्हणायचे. पिनेचे पोट पोकळ झाले की तिची पकड ढिली होते; मग पंच लावून एका फटक्यात ती आली. मैदागिनच्या दुकानातून नवी जोडी आणली. नव्या पिना कानशीने घासून सपाट बाजू जुळवावी लागते आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या असतात. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. तो प्रकार मी एकदा करून पाहिला; पॅडल मारताना लंगडल्यासारखे वाटते.

उष्णता

डावीकडची लॉक रिंग तेलाला दाद देईना. तिथे उष्णता वापरली. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो ते कोणी पाहिले असेल: लोखंडी धाव लाल तापवतात, ती फैलावते, चाकावर घालतात आणि पाणी ओतले की आवळते. सोडवताना हेच उलट. पोलाद दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढते. लॉक रिंग आतून सुमारे ३५ मिलिमीटर असते. ती १५० अंशांनी अधिक तापली तर ०.०६ मिलिमीटर फैलावेल. म्हणजे जेमतेम एक केस. पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. अट एकच: बाहेरचा भाग तापला पाहिजे आणि आतला गार राहिला पाहिजे. म्हणून झटकन तापवून लगेच फिरवायचे. उशीर केला की आतलाही फैलावतो आणि काही उपयोग नाही. आणि तापवण्याआधी सांध्यावरचे तेल पूर्ण पुसून घ्यायचे.

जळते काय ते विचारू नका, पण मी विचारले होते. खाली घाटावर एवढे निखारे आहेत, त्यातले चार आणले तर? आजोबा काही बोलले नाहीत. ओंडके फोडणारे काकाच म्हणाले, "नहीं बाबू, ऊ आग से दूसरा काम नहीं होता." मला इतकी लाज वाटली की मी पुढचा तासभर चेनच घासत बसलो. मग चहावाल्याच्या भट्टीत लोखंडी सळईचे टोक तापवून आणले, रिंगवर चार जागी टेकवले आणि पंच लावून फिरवले. चर्र असा आवाज झाला आणि रिंग सुटली. रंग तेवढ्यापुरता जळाला.

चेनच्या बाजूची उलट्या आट्यांची वाटी आम्ही काढलीच नाही. तिला आतूनच घासून पुसून पाहिले. छऱ्यांची वाट गुळगुळीत होती. आजोबांचे म्हणणे असे की जे जागेवर राहून काम देते ते काढायची हौस करू नये. शेडमधल्या आपल्या काही मित्रांना सगळे सुटे करून मांडायची आवड आहे (नावे घेत नाही).

बाकीचे

हँडल सोपे निघाले. वरचा लांब बोल्ट चार फेरे सैल करायचा, काढायचा नाही, आणि त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचे. आतला शंकू खाली पडतो आणि खांब सुटतो. ठोकळा आंब्याचा होता. टालवर त्याला तोटा नव्हता.

फ्रीव्हीलमध्ये मजा आली. त्याच्या आत दोन छोटे खटके असतात, मेकॅनिक त्यांना कुत्रे म्हणतात. स्प्रिंगने ते दात पकडतात, आणि पॅडल थांबवल्यावर जो टिकटिक आवाज येतो तो त्यांचाच. आमचे दोन्ही कुत्रे गाळात झोपलेले. फ्रीव्हील चाकावरून काढण्याची गरज नव्हती. चाक आडवे ठेवून फटीतून डिझेल सोडायचे, हाताने फिरवायचे, खाली काळे पाणी यायचे, पुन्हा सोडायचे. पाचव्या-सहाव्या वेळी करडा, चमकता गाळ आला. त्यानंतर दोन तास काही नाही. मग एक टिक. मग दोन. आजोबा म्हणाले, "उतारावर हा आवाज आला की ती मागून माझा शर्ट धरायची. म्हणायची, आता तुम्ही पाय हलवत नाही, म्हणजे सायकल आपल्या मनाने चाललीय." आजी कॅरियरवर बसून भाजी आणायला चौकात जायची, हे मला माहीत नव्हते. डिझेलनंतर पातळ तेल द्यायचे, ग्रीस नाही. ग्रीसने कुत्रे चिकटतात.

आपण एनसीसीच्या .२२ रायफली साफ करतो तेव्हा चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढत राहतो. तसेच आहे हे. फरक एवढाच की तिथे उस्ताद मागे उभे असतात म्हणून करतो.

काम चालू असताना समोर रत्नेश्वर महादेवाचे देऊळ दिसायचे. मणिकर्णिका आणि शिंदे घाटाच्या मध्ये ते तिरपे उभे आहे, वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. शेजारचा शिंदे घाट १८३० मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधवला आणि तो इतका जड होता की खचला. मणिकर्णिकेच्या बांधकामात अहिल्याबाई होळकरांचा हात आहे, आणि झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिकाच. ती काशीतच जन्मली. इतिहासाच्या पुस्तकातली इतकी मराठी नावे पाचशे पावलांत, आणि मी तिथे आट्यांतला गाळ काढत होतो.

राहिला सीटचा खांब. त्यावर सगळे करून पाहिले. सीटखालचा बोल्ट काढून फट उघडली, वरून तेल दिले, सायकल उलटी करून खालच्या ॲक्सलच्या पोकळीतून तेल सोडले म्हणजे ते आतल्या बाजूने खांबापर्यंत जाईल, गरम पाणी ओतले, दोघांनी सीट धरून पिळले. खांब एक केसही हलला नाही. करवतीचे पाते आत घालून खांब उभा कापता येतो, पण पाते घसरले तर फ्रेमची नळी जाते. मी विचारले, करू का? आजोबा नाही म्हणाले.

सतराव्या दिवशी पहाटे, गर्दी होण्याआधी, मी सायकल चौकापर्यंत ढकलत नेली आणि मैदागिनपर्यंत चालवली. सीट आजोबांच्या उंचीची आणि मी त्यांच्याहून उंच, त्यामुळे गुडघे हँडलला लागत होते. उतारावर पाय थांबवले. टिकटिक येत होती.

आता सायकल घराच्या जिन्याखाली आहे. रविवारी फोनच्या वेळी मी आजोबांना आधी तेच विचारतो. ते रोज सकाळी डाव्या हाताने सीटच्या खांबाला दोन थेंब घालतात आणि थोडे पिळून बघतात. गेल्या रविवारी म्हणाले, "अजून नाही. पण फटीतून तेल आत जायला लागलंय. आधी वरच थांबायचं."